इंजिन थोरल्याला, सायकल धाकट्याला

एका सायकलीची वाटणी कशी करतात, सांगता येईल तुम्हाला? जमिनीची करतात, घराची करतात, तांब्यापितळेच्या भांड्यांची करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आंब्याचं एकच झाड वाटून घेणारे भाऊही पाहिले असतील, रस्त्याकडच्या फांद्या तुझ्या, ओढ्याकडच्या माझ्या. पण सीटच्या मागे पेट्रोलचं इंजिन बसवलेली एक चालती सायकल, जिच्यासारखी दुसरी अख्ख्या कर्जत तालुक्यात कोणी पाहिली नव्हती, ती दोन भावांमध्ये कशी वाटाल? माझ्या आत्याचे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी ती वाटून दाखवली. इंजिन थोरल्याला, सायकल धाकट्याला. त्या दिवसापासून कित्येक वर्षं ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

यातले धाकटे म्हणजे आमचे आतोबा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांच्याइतका संतापी गृहस्थ दुसरा नाही, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणते आणि त्यांना ते आवडतं. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आता लोधिवलीला घर बांधून राहतात आणि पूर्णवेळ रागावतात. सकाळी वारा पाताळगंगेकडून आला की नाकाला रुमाल लावून कारखान्यांवर रागावतात, दुपारी रुंदीकरणात तोडलेल्या वडाच्या जागी उभे राहून बांधकाम खात्यावर रागावतात, संध्याकाळी बातम्यांवर. मी ज्या घरात वाढले तिथे गोष्टींच्या पुस्तकांआधी मोर्च्यांची पत्रकं हाती पडली, त्यामुळे रागावणारी माणसं मला परकी वाटत नाहीत. आत्या म्हणते, "तू आलीस की ह्यांना जोर चढतो गं." आतोबा म्हणतात, "रागव पोरी, रागव. शांत माणसांनीच हा तालुका इकून खाल्ला." यात मला आजही काही चूक दिसत नाही.

त्यांच्या रागाची एक पद्धत सांगते. शनिवारी मुंबईच्या गाड्या लोधिवलीला थांबतात आणि काच खाली करून कुठल्यातरी रिसॉर्टचा रस्ता विचारतात. नावं सगळी इंग्रजी. त्यात 'रिव्हर' असेल तर नदी जवळपास नसते आणि 'व्हॅली' असेल तर जागा टेकाडावर असते. आतोबांना यातला प्रत्येक रिसॉर्ट कुठे आहे ते ठाऊक असतं. पण ते कपाळाला आठ्या घालून विचारतात, "शेत कोणाचं?"

"शेत नाही काका, रिसॉर्ट."

"रिसॉर्ट आकाशात बांधलाय का? खाली कोणाचं तरी शेत हाय ना? त्याचं नाव सांगा, मंग रस्ता सांगतो."

एकदा एका मुलीने खरंच रिसॉर्टवर फोन लावून जुन्या मालकाचं नाव विचारून घेतलं. आतोबांना इतका आनंद झाला की ते त्यांच्या गाडीत बसून चौकच्या फाट्यापर्यंत रस्ता दाखवायला गेले आणि भर उन्हात चालत परतले.

आणि ती सायकल! दणकट काळी, मागे जाड कॅरिअर, सीटमागे जिथे इंजिन बसायचं तिथे दोन रिकामे पट्टे. वाटणीत ती घरी आणली तेव्हा त्यांनी शपथ घेतली की बाचं इंजिन तिच्यावर बसल्याशिवाय सीटवर बसणार नाही. त्यांच्या वडिलांना सगळे 'बा' म्हणत. मग करायचं काय? तर आतोबा सायकल चालवायचे नाहीत, तिला फिरायला न्यायचे. भाजीला निघाले की सायकल हातात. दवाखान्यात गेले की सायकल हातात. पिशवी हँडलला अडकवून, चढ असो उतार असो, तिच्या शेजारून चालत. साहजिकच रस्त्यात भेटणारा प्रत्येक भला माणूस विचारायचा, "काय काका, पंक्चर?"

"पंक्चर नाय झाली! डोळं फुटलं का तुजं? दोन्ही चाकांत हवा हाय!"

"मग चालत का?"

"पाय हायत म्हणून!"

आत्या सांगते की एकदा टायर खरंच पंक्चर झालं होतं. त्या दिवशी आतोबा घरातून बाहेरच पडले नाहीत. कोणी विचारलं तर खरं उत्तर द्यावं लागलं असतं.

आता मुख्य गोष्ट. गेली काही वर्षं हे गृहस्थ असंच एखादं इंजिन शोधत होते. खोपोलीचे भंगारवाले झाले, पनवेलचे झाले, नेरळच्या जुन्या गॅरेजांच्या मागचं गवत त्यांनी काठीने चाळलं. मिळेल ते घरी आणायचे. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, फवारणी पंपाचं इंजिन, एकदा तर शिलाईमशीनची मोटर. आत्याचं अंगण लोखंडाने भरलं. "अवो, माजी तुळस दिसंना झालीय," ती म्हणायची. फवारणी पंपाचं इंजिन त्यांनी तारेने बांधून चालूही केलं. सायकल तिच्या मनाने निघाली, आतोबा शपथेमुळे सीटवर नव्हतेच, शेजारून धावत होते. ती शेजाऱ्यांच्या शेणाच्या उकिरड्यात शिरली आणि तिथेच फुरफुरत राहिली. "त्या इंजिनाला बाची सवय नाय," आतोबा पाय धूत म्हणाले.

मी न राहवून म्हटलं, "आतोबा, जे इंजिन हवंय ते कळंबला आहे. तुमच्या सख्ख्या भावाच्या पडवीत."

"मला ठाऊक हाय. म्हणूनच हिकडं शोधतोय."

या एका वाक्यावर मी त्या दिवशी खूप हसले आणि घरी जाताना बसमध्ये मला त्याचाच संताप आला. कारण ती वाटणी मला पुरती माहीत होती. त्यांच्याकडे थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, अशी रीत. रीत वाईट नाही. वाटे घालणाऱ्याला लबाडी करता येत नाही. थोरल्याने प्रामाणिकपणे सगळं दोन-दोन केलं. दोन बैल दोन वाट्यांत, दोन हंडे दोन वाट्यांत. अडलं ते या सायकलीपाशी. बा त्या सायकलीवरून कळंबहून नेरळ स्टेशनला दुधाच्या किटल्या नेत. इंजिनाच्या बुडाला एक खरबरीत लोखंडी रोलर, दांडी खाली दाबली की तो मागच्या टायरवर घासून चाक फिरवायचा. गावात पहाट त्या आवाजाने व्हायची. अशी सायकल थोरल्याने एका वाट्यात ठेवली तर दुसऱ्यावर अन्याय होणार, म्हणून दोन पट्टे सोडून इंजिन इकडे आणि सायकल तिकडे. थोरल्याला वाटलं, धाकटा म्हणेल, दादा, राहू दे दोन्ही तुझ्याकडे. धाकट्याला वाटलं, दादा म्हणेल, अरे ने इंजिनपण. दोघेही थांबले. पंच चहा पिऊन उठले आणि धाकट्याने सायकलीचा वाटा उचलला. एक वाक्य बोलायचं राहिलं, त्यासाठी दोन घरं एकमेकांच्या लग्नात मांडवाच्या दोन टोकांना बसू लागली.

गेल्या वर्षी पावसाळा उघडल्यावर कळंबहून बातमी आली. थोरल्यांच्या गावाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याने पडवीतलं इंजिन पाहिलं होतं आणि त्याला ते आवडलं होतं. त्याच्या फाटकात नांगर आधीच उभा होता, सोनेरी रंग दिलेला. भिंतीला कणग्या टांगलेल्या, बैलगाडीच्या चाकाचं झुंबर, पाटा-वरवंट्यावर मनीप्लांट. आधी जमीन घ्यायची, मग जमीन कसायची अवजारं भिंतीला लावायची, आणि शनिवारी येणाऱ्यांना सांगायचं की ही इथली संस्कृती! मेलेल्या वाघाचं मुंडकं दिवाणखान्यात लावणारे निदान आपण शिकार केली हे कबूल तरी करत होते. आता त्याला बाचं इंजिन एका नव्या सायकलीवर बसवून, सोनेरी करून, फोटो काढायला ठेवायचं होतं. आणि थोरले "बघू" म्हणाले होते. आमच्याकडे "बघू" म्हणजे हो.

आतोबा रागावलेच नाहीत. म्हणून आत्या घाबरली. मग ते उठले, ओळखीच्या टेंपोवाल्याला फोन लावला, सायकल टेंपोत चढवली आणि तिला धरून मागेच उभे राहिले. मी पुढे बसले. चौक, कर्जत, नेरळ, कळंब. प्रत्येक नाक्यावर कोणी ना कोणी ओरडलं, "काका, पंक्चर का?" एकदाही त्यांनी उत्तर दिलं नाही.

थोरले पडवीत बसले होते. बाजूला गोणपाटाखाली इंजिन. मी गोणपाट उचललं तर इंजिन तेलाने चकचकत होतं. धूळ नाही, गंज नाही. भावाशी बोलत नव्हते, पण वाट्याला आलेलं बापाचं इंजिन रोज पुसत होते. दोन घरांत दोन माणसं एकाच यंत्राचे दोन तुकडे पुसत बसली होती, आणि मधे सगळा तालुका.

आतोबा माझ्याकडे पाहून बोलू लागले. "त्या गृहस्थांना सांग, बाचं इंजिन भिंतीला लावायचं नाय."

थोरलेही माझ्याकडेच पाहत म्हणाले, "ह्या गृहस्थांना सांग, निस्त्या डबड्याचा दुसरा उपयोग काय? ज्याने त्याचा रोलर चोरला त्याने न्यायाच्या गोष्टी करू नयेत."

"कोणी चोरला?"

आता मात्र ते एकमेकांकडे वळले. थोरल्यांनी इंजिन उलटं केलं. बुडाला रोलर नव्हता. वाटणीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना ते कळलं होतं, आणि इतकी वर्षं ते हेच समजून होते की धाकट्याने आधी रोलर काढून घेतला आणि मग साळसूदपणे सायकल उचलली. म्हणजे धाकटा थोरल्याला कोत्या मनाचा समजत होता, थोरला धाकट्याला चोर, आणि दोघांच्या भांडणाचं कारणच वेगवेगळं होतं! निदान एक भांडण तरी दोघांनी मिळून करायचं!

"मी चोर? दादा, बाच्या पायाची शपथ..."

"बाला मधे आणू नको! बायला बोलव. तिच्यासमोर होऊ दे आज काय ते. बाय खोटं बोलायची नाय."

बाय म्हणजे त्यांची बहीण. नेरळजवळ दिलेली. दोघांनाही तिच्याबद्दल खात्री होती. दोघांचीही भाऊबीज तिच्याकडे वेगवेगळ्या वेळी व्हायची. थोरल्यांनी तिला फोन लावला, "ये गं जरा, रोलरचं मिटवायचंय," आणि फोन ठेवून पुन्हा भांडायला लागले. बाय सहा आसनी रिक्षाने आली. पायरीवर चपला काढल्या, दोघांचं थोडा वेळ ऐकून घेतलं, आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून ओटीवर ठेवली. लोखंडी, खरबरीत, लसणीचा वास येणारी.

"हा घ्या. माज्याकडं व्हता."

थोरल्यांनी रोलर उचलून इंजिनाच्या बुडाला लावून पाहिला. मग आतोबा हळूच म्हणाले, "तू घेतलास गं? कशाला?"

"तुमी वाटे घालत व्हता तवा मी चुलीम्होरं पंचांचा चहा करत व्हते. पावसात त्याच्यावर चिखल बसला की टायरवर घसरतो म्हणून रोज संध्याकाळी काथ्याने हा कोण घासायचं? मी. काढायचा कसा ते मला ठाऊक व्हतं. दादा इंजिनवाला झाला, तू सायकलवाला झालास, आन मला हक्कसोडीच्या कागदावर सही कर म्हणालात आन साडी दिली. म्हटलं, बाच्या वस्तूतलं कायतरी आपल्यापाशी ऱ्हाऊ दे. लसूण ठेचते मी त्याने."

थोरले म्हणाले, "अगं, पण तूच म्हणालेलीस ना, मला काय नको म्हणून? एवढी साधी तू."

मला वाटलं, आता ही डोळे पुसणार आणि म्हणणार, नकोच होतं रं दादा, तुमी दोघं एक व्हा. अशा वेळी बायका हेच म्हणतात, आणि मग सगळ्यांना बरं वाटतं. बाय तसं म्हणाली नाही.

"पायजे व्हतं," ती म्हणाली. "वढ्याकडचं खाचर मला पायजे व्हतं. लहानपणापासनं त्यात मीच लावणी केलीय. नको म्हणायला तुमीच शिकवलंत, सगळे टकामका बगत बसलात माज्याकडं. नको म्हणाले नसते तर माहेर तुटलं असतं."

ओढ्याकडचं खाचर थोरल्यांनी केव्हाच विकलं होतं. रिसॉर्टवाल्यालाच. तिथे आता भिंत आहे, आणि भिंतीआड निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. थोरल्यांनी मान खाली घातली. आतोबांकडे प्रत्येक गोष्टीसाठी राग होता; या गोष्टीसाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं, कारण बायच्या हक्कसोडीच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही होती. आयुष्यभर दुसऱ्यांना 'शेत कोणाचं?' विचारणाऱ्या माणसाने आपल्या बहिणीला ते कधी विचारलं नव्हतं. आणि मीसुद्धा ही वाटणी मला पुरती माहीत आहे असं समजून चालले होते. त्यात बाय कुठे होती हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

एवढ्यात रिसॉर्टवाला आला, त्याच्या माणसाबरोबर, इंजिन न्यायला. सायकल पाहून तर तो फारच खूश झाला. म्हणाला, ओरिजिनल सायकलपण आहे! मग सगळाच सेट द्या.

थोरले जमिनीकडे बघत म्हणाले, "हिला इचारा. तिघांची हाय."

बायने रोलर उचलून पुन्हा फडक्यात बांधला. "माजा वाटा इकायचा नाय," ती म्हणाली. "बाकीचं लोखंड न्यायचं तर न्या." रिसॉर्टवाला हसला, आमच्या चौघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि कोणीच हसत नाही असं बघून रिकाम्या हाताने गेला.

सायकल त्या दिवशी चालू झाली नाही. अशी यंत्रं एका दुपारी माफ करत नाहीत. पेट्रोलची नळी कुजलेली, प्लग गेलेला, आत पिस्टन अडकून बसलेला. रविवारी आतोबा लोधिवलीहून जात, बाय नेरळकडून येई. दोघे भाऊ इंजिनाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांवर खेकसत. "अरे पाना उलटा धरलास!" "तुला रं काय कळतंय, बा आजारी असला की दूध तर मीच पोचवायचो!" हे ऐकून आत्या मला म्हणाली, "बोलायला लागले गं." बाय मधे बसून रोलर काथ्याने घासायची. आणि संध्याकाळी, काम कितीही अर्धं असो, रोलर काढून पिशवीत घालून घरी न्यायची. पहिल्यांदा थोरले म्हणाले, "ऱ्हाऊ दे की हितंच." तिने फक्त पाहिलं. पुन्हा ते म्हणाले नाहीत.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी इंजिन चालू झालं. आधी "तू बस", "नाय दादा, तू बस" असं चाललं. वाटणीच्या दिवशी राहिलेलं वाक्य आता दोघे पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि सायकल तशीच उभी. शेवटी बाय म्हणाली, "मला येत असती तर मी बसले असते. मला कोणी शिकवली नाय. बस रं धाकट्या." वाटणीनंतर आतोबा पहिल्यांदा त्या सीटवर बसले. पायडल मारले, दांडी दाबली, रोलर टायरला लागला आणि तो आवाज आला, कर्कश, धूर सोडणारा, सगळ्या आळीच्या कोंबड्या उडवणारा. शेजारची एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "दूध गेलं का गं?" आतोबा ओढ्याकडच्या रस्त्याने गेले, त्या भिंतीच्या कडेने. आम्ही तिघं ऐकत उभे होतो. थोरले रडत होते. बाय रडत नव्हती. आवाज भिंतीपलीकडे बारीक होत गेला तशी ती त्या दिशेने पाहत राहिली, आणि ती सायकलकडे पाहत होती की खाचराकडे, हे मला आजही सांगता येत नाही.

आता सायकल कळंबला असते आणि बाय आली तरच चालते. आतोबा अजूनही रागावतात, पण मधेच थांबतात, जसं काही कोणी बाजूला उभं राहून त्यांना ऐकतंय. खाचर परत येणार नाही. ते मी काय, कोणीच आणू शकत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात हक्कसोडीचा कागद निघाला असेल, बहिणीला आणायला गाडी जाणार असेल, तर आधी तिला विचारा, तुला काय हवंय. ती "मला काही नको" म्हणेल. तेवढ्यावर साडी पुढे करू नका. भाऊ खोलीबाहेर जाऊ द्या, दार लोटा, आणि तिला पुन्हा एकदा विचारा.